जातं, आत्या आणि माइक : ओव्या रेकॉर्ड करतानाच्या नोंदी

आत्या ७६ वर्षांची आहे. तिला किती ओव्या येतात ते तिलाही सांगता येत नाही, कारण त्या तिला बसून आठवत नाहीत, जात्यावर बसली की येतात. ओव्यांचा मजकूर जमवायचं काम मोठ्या माणसांनी करून ठेवलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. मला मजकूर नको होता, आत्याचा आवाज हवा होता. मी सांगलीत नोकरी करते, आत्याचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, त्यामुळे जे काही झालं ते शनिवार-रविवारी. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं गाणं कुणाला रेकॉर्ड करायचं असेल तर माझे चुकलेले पाच आठवडे तरी वाचतील, म्हणून या नोंदी.

९ नोव्हेंबर

फोन समोर ठेवला आणि गायला सांगितलं. आत्या पाटावर बसून दोन ओळी म्हणाली आणि थांबली. "हात फिरल्याबिगर त्वांडाला येत न्हाई गं." म्हणजे जातं पाहिजे. जातं जुन्या घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. तिथं लाइट नाही, बसायला धड जागा नाही, म्हणून मी शहाणपणा केला. भाऊ आणि शेजारचा पोरगा, दोघांकडून जातं उचलून नव्या स्लॅबच्या घरातल्या हॉलमध्ये आणवलं. आधी वरची तळी, मग खालची. दोघांचा दीड तास गेला आणि भावाची कंबर धरली. हा निर्णय चुकीचा होता, पण ते कळायला अजून तीन आठवडे लागले.

हॉलमध्ये फोनवर घेतलेलं ऐकलं. आत्या गाते तेव्हा जात्याची घरघर गायब, ओळ संपली की घरघर एकदम उसळून वर. फोन स्वतःच्या डोक्यानं आवाज कमी-जास्त करतो, आणि सतत चालणारा आवाज हा गोंगाट समजून पुसायला बघतो. फोनवर बोलताना हे बरं, इथं निरुपयोगी. सेटिंगमध्ये बंद करायची सोय माझ्या फोनात नाही.

१५ नोव्हेंबर

ऑनलाइन ८९९ रुपयांचा 'स्टुडिओ माइक' मागवला होता. सोबत स्टँड, जाळी, स्पंज, सगळं. दिसायला झकास. पिन हेडफोनसारखी, लॅपटॉपच्या भोकात घातली. आत्याच्या आवाजाएवढीच 'सूंऽऽ' ऐकू येते. सकाळभर सेटिंग्ज केल्या, केबल बदलली, शेवटी चिडून जाळी उघडली. एवढ्या मोठ्या नळकांड्यात शेंगदाण्याएवढा माइक, बाकी पोकळ. परत पाठवायची मुदत जाळी उघडल्यावर संपली. ८९९ पाण्यात. त्यातला स्पंज मात्र पुढे उपयोगी पडला, ते येईलच.

१६ नोव्हेंबर

गावातल्या साउंडवाल्याकडून भजनाचा माइक उसना आणला. त्यावर एसएम५८ असं लिहिलेलं. हा माइक १९६६ पासून बनतोय, भजनापासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे हाच, आणि म्हणूनच त्याची नक्कलही ढिगानं. अस्सल माइकचं वजन २९८ ग्रॅम असतं हे वाचलेलं, म्हणून किराणा दुकानात काट्यावर ठेवला. २१४ भरला. दुकानदार म्हणाला, "ताई, काय भाव लावायचा?" साउंडवाल्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटलं, त्यानं अस्सल म्हणूनच पैसे मोजले होते. त्याच्याकडे पेटीत जपून ठेवलेला दुसरा एक होता, तो २९७ भरला. तो दिला. भाडं घेतलं नाही, आत्याच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर भागलं.

माइक आला, पण तो लॅपटॉपला लावायचा कसा? मध्ये इंटरफेस लागतो, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला कळेल असा करून देणारी डबी. मित्राकडून जुना स्कारलेट सोलो ६,५०० ला घेतला. तीन पिनांची केबल ६५०. आज यापुढे काही नाही, उसाच्या ट्रॅक्टरांनी डोकं उठवलंय. कारखाने सुरू झालेत, दर वीस मिनिटांनी एक ट्रॅक्टर आणि त्यावर टेप फुल्ल.

२२ नोव्हेंबर

एसएम५८ आत्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, छोट्या स्टँडवर. पहिली ओवी ऐकून मला वाटलं जमलं! आवाज जाड, जवळचा, ट्रॅक्टर लांब कुठंतरी. दुसऱ्या ओवीपासून भानगड सुरू झाली.

जात्यावर बसलेलं माणूस स्थिर नसतं. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला, खुंटा पुढे गेला की अंग पुढे, मागे आला की मागे. आत्याचं डोकं दोन्ही बाजूंना चांगलं दहा दहा सेंटिमीटर हलतं. माइक १५ सेंटिमीटरवर, म्हणजे तोंड कधी ५ वर, कधी २५ वर. आवाजात १४ डेसिबलचा फरक, फक्त झुलण्यानं. शिवाय या जातीच्या माइकजवळ तोंड गेलं की खर्ज फुगतो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला आत्या एकदा आकाशवाणीची निवेदिका, एकदा विहिरीत पडलेली बाई.

मी म्हटलं, आत्या, जरा कमी हल. तिनं प्रयत्न केला. तीन ओळींत ओवी विसरली. परत हे बोलायचं नाही, असं वहीत लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट 'प'. ओव्यांची मोजणीच 'पहिली'नं सुरू होते, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगचा आरंभ 'फट्'. मग 'भ' आला, 'फ' आला. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून माइकपुढे बांधला. निम्मं काम झालं. उरलेलं माइक तोंडाच्या रेषेतून चार बोटं बाजूला घेतल्यावर झालं. फुंकर सरळ जाते, आवाज सगळीकडे पसरतो.

२३ नोव्हेंबर

हिशोब साधा वाटला : माइक लांब न्यायचा. ४० सेंटिमीटरवर नेला तर तोच झोका ३० ते ५० इतकाच होतो, फरक साडेचार डेसिबलच्या आत. कानाला टोचत नाही. पण एसएम५८ एवढ्या लांबून ऐकायला नेटाचा आवाज लागतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, जवळजवळ शेवटपर्यंत फिरवला आणि इंटरफेसची स्वतःची सूं वर आली. आत्या मोठ्यानं गाणाऱ्यातली नाही. जातं फिरवताना दम राखून गायची तिची सवय, आवाज छातीतून पण मऊ.

संध्याकाळी ठरवलं, कंडेन्सर घ्यायचा, म्हणजे मऊ आवाजही नीट पकडणारा जास्त नाजूक माइक.

२९ नोव्हेंबर

ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सांगलीत मिळाला नाही, पुण्याहून मागवला, ७,८०० पडले. त्याचे आकडे बघितले तर याच आवाजाला हा एसएम५८ पेक्षा साडेसतरा डेसिबल जास्त देतो, म्हणजे गेन तेवढा खाली ठेवता येतो. खरेदीचं कारण एवढंच. 'स्टुडिओ क्वालिटी' वगैरे नाही.

लावला. आवाजच नाही. केबल उलटीपालटी केली, लॅपटॉप बंद-चालू केला, पाऊण तास. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावणार तेवढ्यात इंटरफेसवर '४८ व्होल्ट' लिहिलेलं बटण दिसलं. कंडेन्सरला केबलमधूनच वीज द्यावी लागते. दाबलं, दिवा लागला, माइक जिवंत.

मग दुपारभर जे रेकॉर्ड केलं ते सगळं मातकट. जणू आत्या उशीत तोंड घालून गातेय. माझ्या भाच्यानं, वय १३, फोटो बघून विचारलं, "मावशी, माइक आडवा का धरलाय?" या माइकला भजनाच्या माइकसारखं टोकाकडून गायचं नसतं. तो उभा ठेवायचा आणि जिकडे कंपनीची खूण आहे ती बाजू तोंडाकडे. मी चार तास टोक आत्याकडे करून बसले होते. हे डब्यावर चित्रात दाखवलेलं आहे. डबा मी फेकला होता.

३० नोव्हेंबर

आता बाजू बरोबर, अंतर ४० सेंटिमीटर, आणि ऐकू काय येतं? सगळं. पंखा, फ्रिज, स्वयंपाकघरातला कुकर, बाहेरचा कोंबडा, आणि या सगळ्यावर हॉलचा घुमारा. टाळी वाजवली तर 'टर्रर्र' असं उत्तर येतं. खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी भिंती गुळगुळीत, त्यात सामान कमी.

पंखा, फ्रिज बंद केले तरी एक बारीक 'झंऽऽ' राहिली. ती लॅपटॉपच्या चार्जरची. या घरात अर्थिंग नावापुरतंच. चार्जर काढला, बॅटरीवर चालवलं, झंकार गेला. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

माझा समज होता की भजनाचा माइक आजूबाजूचा आवाज 'घेत नाही' आणि कंडेन्सर 'सगळं घेतो'. खात्री करायला दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही ४० सेंटिमीटरवर लावले. सोलोला माइकची एकच जागा आहे, म्हणून एकापाठोपाठ एक घेतलं, आत्याचा आवाज दोन्हीत सारखा येईल एवढा गेन ठेवला आणि पंखा मुद्दाम चालू केला. पंखा दोन्हीत जवळजवळ सारखाच! एसएम५८ मध्ये ट्रॅक्टर लांब वाटत होता तो माइकचा गुण नव्हता, तोंड जवळ होतं म्हणून. तोंडाजवळ ठेवला की गेन कमी लागतो आणि खोली आपोआप मागे पडते. म्हणजे माझा प्रश्न माइकचा राहिला नव्हता, खोलीचा होता. आणि खोली मीच बदलली होती.

६ डिसेंबर

जातं परत जुन्या घरात. भावाला तोंड दाखवायची सोय नव्हती. या वेळी दोन मजूर, ४०० रुपये.

जुनं घर माळवदी. मातीच्या जाड भिंती, वर तुळया आणि त्यावर माती, खाली शेणानं सारवलेली जमीन. टाळी वाजवली. नुसती टाळी. मागे काही नाही. आत्यानं विचारलं, "कुणाला बोलावतीस?" मी दहा वेळा वाजवली.

एका कोपऱ्यात पत्र्याचं पिंप होतं, ते आत्याच्या एका ठरावीक सुरावर गुंगत होतं, ते बाहेर ठेवलं. दारावर दोन वाकळा टांगल्या. वाकळेनं वरचे चरचरणारे आवाज मरतात. खालची घरघर तिला जुमानत नाही, हे लक्षात असू द्या, नाहीतर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगून बसाल.

७ डिसेंबर

आता माइक ठेवायचा कुठे? एटी२०२० समोरून जास्त ऐकतो, पाठीमागून सगळ्यात कमी. आत्याचं तोंड जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर, जात्याची वरची तळी २५ वर. माइक तोंडाच्या वरून खाली रोखला तर तोंडामागे जातं त्याच रेषेत येतं. म्हणून उलटं केलं : माइक हनुवटीच्या खाली, तोंड वर, पाठ जात्याकडे. लगेच फरक. घरघर मागे गेली, पण गेली नाही. मला ती पूर्ण घालवायचीही नव्हती, जात्याशिवाय ओवी म्हणजे पाळण्याशिवाय अंगाई.

पण रेकॉर्डिंगमध्ये कानाला कळेल न कळेल असा एक खोल धक्का, प्रत्येक फेऱ्याला. हेडफोनमध्ये पोटात ढवळल्यासारखं. स्टँड जमिनीवर, जातं जमिनीवर, थरथर जमिनीतून स्टँडमध्ये. स्टँडखाली घडी घातलेली गोधडी, मग स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे, मग दोन्ही. कमी झालं, संपलं नाही.

शिवाय पीठ. अर्ध्या तासात माइकची जाळी पांढरी. कंडेन्सरच्या पडद्याला धूळ चिकटते आणि चिकटली की घरी काढता येत नाही. ८९९ वाल्या माइकचा स्पंज आठवला. बरोबर बसला.

पीठ नको म्हणून जातं रिकामं फिरवून बघूया असं मी म्हटलं होतं. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. नंतर तिनंच एक फेरा रिकामा फिरवून दाखवला. दगडावर दगड, दातावर वाळू आल्यासारखा आवाज. मूठभर जोंधळा, म्हणजे जात्याची वैरण, घातली आणि तोच दगड मऊ बोलायला लागला. ऐकणाऱ्यालाही वैरण लागते, हे मला माहीत नव्हतं.

१३ डिसेंबर

स्टँडच सोडून दिला. तुळईला सुती दोरी बांधून माइक वरून टांगला, उलटा, हनुवटीच्या किंचित खाली येईल असा, तोंड वर वळवलेलं. गरगर फिरू नये म्हणून बाजूला दुसरी बारीक दोरी खिळ्याला. दोरी ६० रुपये. जमिनीतला धक्का गेला. पूर्ण गेला! गेल्या रविवारी ट्यूब शोधत पंक्चरवाल्याकडे घालवलेले दोन तास डोळ्यांसमोर आले.

बांगड्या राहिल्या. हिरव्या काचेच्या, खुंटा फिरला की किण. काढायला सांगणं शक्य नव्हतं, मामा, म्हणजे आत्याचे मालक, आहेत अजून. आत्यानं स्वतःच त्या कोपराकडे सरकवल्या आणि वर रुमाल बांधला. "दळताना आमी असंच करायचो." मग आधी का नाही केलं? "तू इचारलंच न्हाईस."

१४ डिसेंबर

आजचा दिवस वाया. लोभानं. जात्याचाही वेगळा आवाज घ्यावा म्हणून भाच्याच्या शाळेतल्या मित्राकडून दोन माइकचा इंटरफेस आणला आणि एसएम५८ जात्याजवळ लावला. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले तर आत्याचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा. तोच आवाज एका माइकमध्ये आधी, दुसऱ्यात जरा उशिरा पोचतो. ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. तेवढ्या फरकानं दोन लाटा एकमेकींना काही सुरांवर खातात. नियम असा सांगतात की दुसरा माइक गाणाऱ्यापासून पहिल्याच्या किमान तिप्पट लांब हवा. ती खोलीच एवढी मोठी नाही. दुसरा माइक काढला. जात्याचा आवाज हवा तर आत्या न गाता पाच मिनिटं दळेल तेव्हा वेगळा घेता येतो, तसाच घेतला.

२० डिसेंबर

चाचणी म्हणून आत्याला एक ओवी म्हणायला सांगितलं, त्यावर गेन लावला, आवाजाच्या पातळीचा आकडा उणे ६ डेसिबलच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो). मग ती खरं गायला लागली आणि चौथ्या ओवीला लाल दिवा. चाचणीला माणूस चाचणीसारखंच गातं. ती ओवी फाटली, आणि ती तिच्या आईवरची होती. परत म्हण म्हटलं तर म्हणाली, येईल तेव्हा येईल. अजून आलेली नाही.

आता गेन असा की चाचणीत उणे १८ च्या वर जात नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना एवढं खाली ठेवलं तरी काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतं. फाटलेलं शिवता येत नाही.

शिवाय दिवसा जमतच नाही. या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा, शेजारच्या विहिरीवरची मोटर सकाळपासून. रात्री ट्रॅक्टर. आत्या म्हणाली, "दळायची येळ कोनची असती?"

२१ डिसेंबर

पहाटे सव्वाचारला उठलो. थंडी बेकार. आत्या शाल घेऊन बसली, शाल घासते म्हणून काढायला लावली, मग अंगात स्वेटर, वर काही नाही. लॅपटॉप दाराबाहेर, त्याचा पंखा ऐकू येत होता म्हणून. केबल दाराखालून. मी पण बाहेर, पायरीवर, हेडफोन लावून.

हे आधीच करायला हवं होतं. मी समोर स्क्रीनकडे बघत बसले की आत्या माझ्यासाठी गायची. आज खोलीत ती, जातं आणि चिमणीएवढा दिवा. पहिली दहा मिनिटं नुसती घरघर. मग गुणगुण. मग सुरू झाली ती थांबेना. मध्येच "आगं ए, हाईस का?" म्हणून हाक मारली, मी उत्तर दिलं नाही. साडेपाचला देवळातला कर्णा सुरू झाला तेव्हा ४३ ओव्या झाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी मी पहिल्यांदा ऐकल्या. दोन माझ्या वडिलांवर होत्या.

२२ ते २५ डिसेंबर, सांगलीत

साफसफाई. ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे सगळ्यात खोल सूर, कापलं. बाईच्या आवाजात तिथं काही नसतं, जात्याचा हुंकार असतो. गोंगाट काढायचं बटण एकदा दाबून बघितलं, आत्या पाण्याखालून गायला लागली, लगेच मागे घेतलं. एका ठिकाणी कोंबडा आहे, तो ठेवलाय. एवढंच. प्रतिध्वनी घालायचा मोह आवरला.

एकूण खर्च : कामाच्या वस्तू १५,०१०, वाया गेलेले ८९९, जातं हलवायचे ४००, पेट्रोल वेगळं. आज परत सुरुवात केली तर एटी२०२० आणि इंटरफेस घेईन, पण आधी उसना भजनाचा माइक घेऊन खोल्या तपासेन. ज्यांच्या घरात माळवदी खोली नाही त्यांनी कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्यापुढे गायला बसवून बघावं.

२८ डिसेंबर

आत्याच्या कानाला हेडफोन लावले. डोळे मिटून तीन ओव्या ऐकल्या. मला वाटलं रडेल. तिनं हेडफोन काढले आणि म्हणाली, "गाणं ठीक हाय. पर जातं बोथट झालंय. आयकतीस न्हवं, नुसतं घासतंय, दळत न्हाई."

मी परत ऐकलं. तिचं बरोबर आहे. पाच आठवडे मी ज्याला माइकचा मातकटपणा समजून वर-खाली करत होते त्यात निम्मा वाटा दगडाचा होता. टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगडाला पुन्हा खरखरीत करून, किती वर्षं झाली विचारलं तर म्हणाली, भावाच्या लग्नाआधी. भावाचा मुलगा आता दहावीला आहे.

टाकी लावणारे आता गावात कुणी नाहीत. ढालगावच्या बाजाराला एक म्हातारे येतात असं कळलं, त्यांना निरोप गेलाय. संक्रांतीच्या आधी येतो म्हणालेत, दगडाचे ३०० घेणार. माइक तुळईला तसाच टांगून ठेवलाय, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून.